बेशालाख वाचायला घेताना

बेशालाख म्हणजे तोराच्या (मोशेच्या पाच पुस्तकांच्या) आठवड्याआठवड्याने वाचायच्या भागांपैकी एक. ती वाचायला वाट्याला आली की नवा वाचणारा थेट समुद्रगीतावर, समुद्र ओलांडल्यावर इस्राएलांनी गायलेल्या गीतावर, जातो. चाल निराळी, सेफेरमधली (तोराच्या हस्तलिखित गुंडाळीतली) मांडणी निराळी, त्या शब्बाथला (शनिवारी) सिनेगॉगमध्ये माणसंही जास्त; धडकी भरते ती तिथेच. शिकवताना मी गीत सगळ्यांत शेवटी ठेवतो. ते रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हटलं जातं, त्यामुळे निम्मं आधीच तोंडात बसलेलं असतं, आणि एखादा शब्द निसटलाच तर बाजूचे चारजण लगेच सावरून घेतात. खरी पडझड होते सोळाव्या अध्यायात. मान्नाची, रानात आकाशातून मिळालेल्या अन्नाची, ती हकिकत कुणाला पाठ नसते, त्याच त्या शब्दांची उलटसुलट आवर्तनं येत राहतात आणि वाचणाऱ्याचा घसा एव्हाना दमलेला असतो.

आधी चौकट. तोराचे ५४ भाग पाडलेले आहेत. दर शब्बाथला एक पाराशा, काही आठवड्यांत दोन जोडून, असं करत वर्षभरात तोरा पुरी होते आणि सिम्हाथ तोरा या सणाला शेवटचा भाग संपताच पहिला उघडतो. बेशालाख म्हणजे त्यातल्या निर्गम या पुस्तकाचं १३:१७ ते १७:१६. फारोने लोकांना सोडलं तिथपासून अमालेक टोळीशी लढाई होईपर्यंत ११६ पासूक (वचनं), १,६८१ शब्द, ६,४२३ अक्षरं. नुसतं वाचन साधारण पंचवीस मिनिटांचं. वाचनासाठी एकेकाला बोलावणं, बेराखा (आशीर्वचन), मधली थांबाथांब धरली तर बरंच जास्त.

ही पाराशा नेहमी हिब्रू पंचांगातल्या शबात महिन्याच्या मध्याला येते: २०२४ मध्ये २७ जानेवारीला आली, २०२५ मध्ये ८ फेब्रुवारीला, २०२६ मध्ये ३१ जानेवारीला. म्हणजे तू बिश्वाथच्या, झाडांच्या नववर्षाच्या, आगेमागे. आपल्याकडे, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांत, त्याच दिवसांत अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) ठिकाणी जाणं असतं, घराघरांतून मलिद्याची ताटं असतात. तयारीचं वेळापत्रक आखताना हे ध्यानात ठेवावं, कारण ज्या आठवड्यात उजळणी व्हायची तोच धावपळीचा निघतो. एक सोय मात्र आहे. या तारखांना रोश होदेश (महिन्याची सुरुवात) किंवा दुसरं विशेष वाचन कधीच आडवं येत नाही, त्यामुळे सेफेर एकच काढायचा असतो आणि मफ्तीरला (सातांनंतरच्या शेवटच्या वाचनाला) पाराशाचेच शेवटचे पासूक, बहुतेक ठिकाणी १७:१४ ते १६, पुन्हा वाचायचे असतात.

सात आलियांची, म्हणजे सात जणांना बोलावून वाचायच्या तुकड्यांची, वाटणी अशी: पहिली १३:१७ ते १४:८, पासूक १४. दुसरी १४:१४ पर्यंत, फक्त ६. तिसरी १४:२५ पर्यंत, ११. चौथी १५:२६ पर्यंत, ३२. पाचवी १६:१० पर्यंत, ११. सहावी १६:३६ पर्यंत, २६. सातवी १७:१ ते १६, पासूक १६. ही वाटणी पेन्सिलने तिक्कूनच्या (सरावाच्या छापील पुस्तकाच्या) कडेला लिहून टाकावी. चौथीत गीत आहे आणि सहावीत मान्ना. म्हणजे ११६ पैकी ५८ पासूक, नेमके अर्धे, या दोन आलियांत आहेत. वेळही त्याच हिशेबाने द्यायला हवा. पहिल्या आलियेवर सगळ्यांची सगळ्यांत जास्त मेहनत होते, कारण रोजची उजळणी तिथून सुरू होते. म्हणून एक दिवस सुरुवातीपासून आणि एक दिवस सातवीपासून मागे, असं करावं.

नव्याने संपूर्ण पाराशा बसवायची तर पाच-सहा आठवडे हाताशी हवेत. रोज पाच पासूक धरले तर चोवीस दिवसांत शेवट गाठला जातो. उरलेले दिवस जोडणीचे. ज्याला तेआमीम (चाल आणि विराम दाखवणारी चिन्हं) आधीच येतात त्याला तीन आठवडे पुरतात. त्याहून कमी वेळ असेल तर दोघांनी वाटून घ्यावी, एकाने पहिल्या तीन आणि गीत, दुसऱ्याने उरलेल्या. यात कमीपणा काही नाही.

सेफेरमध्ये स्वरचिन्हं नसतात, तेआमीम नसतात, पासूक कुठे संपतो याची खूणही नसते. नुसती व्यंजनं आणि परिच्छेदांच्या मोकळ्या जागा. म्हणून तयारी तिक्कूनवर करतात: एका रकान्यात सर्व चिन्हांसकट मजकूर, शेजारच्या रकान्यात तोच मजकूर सेफेरमध्ये दिसतो तसा. एक रकाना झाकायचा, वाचायचं, उघडून पाहायचं. देवनागरीत लिहून घेऊन पाठ करायची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि प्रार्थनेसाठी ती चालूनही जाते. तोरावाचनासाठी ती घातक ठरते. खेथ आणि मऊ काफ दोन्ही ‘ख’ होऊन बसतात, तेथ आणि ताव दोन्ही ‘त’, आलेफ आणि आयिन दोन्ही नुसता ‘अ’. उच्चार जवळपास बरोबर येतो, पण सेफेरसमोर उभं राहिल्यावर डोळ्याला समोरचं अक्षर आणि मनातलं देवनागरी अक्षर यांची सांगड घालता येत नाही. घालमेल सुरू झाली की मधला एखादा शब्दच गळतो.

मी हा क्रम ठेवतो. आधी मराठीत अर्थ, मग विराम, मग स्वर, मग चाल. रेकॉर्डिंग लावून ऐकत चालीपासून सुरुवात करणं सोपं वाटतं, पण त्यात मजकूर गाण्यासारखा पाठ होतो. मध्येच कुणी अडवलं, दुरुस्ती सांगितली आणि एक पासूक मागे जायला लावलं की अशा वाचणाऱ्याला धागा सापडत नाही. रेकॉर्डिंग शेवटच्या टप्प्यात, आपली चाल तपासायला वापरावं. शब्बाथला ते लावता येत नाही, तेव्हा काय ऐकायचं ते शुक्रवारी सूर्यास्ताआधी.

अर्थासाठी जुनी शिस्त आहेच: आठवड्यात पाराशा दोनदा मूळ आणि एकदा तारगुम (अरामी भाषांतर) अशी वाचावी, असं तालमूदमध्ये (रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात) बेराखोथच्या आठव्या पानावर आहे. तारगुमची अरामी कळत नसेल तर मराठी तरी डोळ्याखालून घालावीच. मराठीतून हिब्रू शिकण्याची वाट आपल्या लोकांना नवी नाही. जोसेफ एझकिएल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली ती याच गरजेतून. अर्थ माहीत असलेला वाचणारा चुकला तर त्याची त्यालाच चूक टोचते. एरवी ती गब्बाईने (बाजूला उभं राहून वाचन तपासणाऱ्याने) पकडेपर्यंत थांबावं लागतं.

विराम म्हणजे तेआमीममधले तोडणारे. अथनाह पासूक मधोमध तोडतो, झाकेफ काटोन आणि रेबिया त्याहून लहान तुकडे पाडतात, तरहा येणाऱ्या थांब्याची वर्दी देतो. शोफार होलेख, मअरिख, दर्गा हे जोडणारे, तिथे श्वास घ्यायचा नाही. नव्या माणसाने पहिल्या दिवशी चाल विसरून फक्त अथनाह आणि सोफ पासूक (पासुकाचा शेवट) यांवर थांबत वाचावं. याचं महत्त्व कळायला सातव्या आलियेतला १७:९ पुरे. मोशे यहोशवाला सांगतो: बाहेर पड, अमालेकशी लढ, उद्या मी टेकडीच्या माथ्यावर उभा राहीन. आता ‘उद्या’ हा ‘माहार’ कुठे जोडायचा? ‘उद्या लढ’ की ‘उद्या मी उभा राहीन’? तोरातल्या ज्या पाच पासुकांत जोड कुठे लावायची याचा निवाडा नाही असं तालमूदच्या योमामध्ये म्हटलं आहे, त्यांतला हा एक. तेआमीम मात्र निवाडा करून मोकळे झालेत: अथनाह ‘अमालेक’वर आहे, म्हणून ‘माहार’ पुढच्या वाक्याचा. दमलेला वाचणारा अथनाहवर न थांबता ‘बाअमालेक माहार’ एका दमात म्हणतो आणि त्यानंतर श्वास घेतो. अक्षर एकही चुकलेलं नसतं, पण अर्थ दुसरीकडे गेलेला असतो.

आता स्वरांचे खड्डे. हे एका कागदावर वेगळे उतरवून ठेवावेत आणि पाराशा पुरी पाठ झाल्यानंतरही रोज फक्त तेवढे म्हणावेत.

१३:१८ मध्ये लोक मिसरातून ‘वाहामुशीम’ निघाले, म्हणजे सज्ज होऊन. सेफेरमध्ये तिथे ‘उ’ दाखवणारं वाव अक्षर नाही, त्यामुळे तीच अक्षरं ‘वाहामिशीम’, ‘आणि पन्नास’, अशी सहज वाचली जातात. पहिल्याच आलियेतला दुसरा पासूक, आवाज अजून बसलेला नाही, आणि इथे हमखास अडवलं जातं.

१५:२२ आणि १७:६ इथे अगदी तीच पाच अक्षरं आहेत. पहिल्या ठिकाणी ‘वय्येत्सेऊ’, ते शूरच्या रानात निघाले. दुसऱ्या ठिकाणी ‘वेयात्सेऊ’, खडकातून पाणी निघेल. एक घडून गेलेलं, एक घडायचं. हिब्रूत सुरुवातीच्या वावखालचा स्वर काळ फिरवतो आणि वावखाली काय आहे ते सेफेर सांगत नाही. हे चुकलं तर अर्थ बदलतो, तेव्हा मागे जाऊन पुन्हा वाचावंच लागतं.

१६:२ आणि १६:७ ही जोडी तर मुद्दाम बसवल्यासारखी आहे. दोन्हीकडे कुरकुर करण्याचं क्रियापद, आणि दोन्हीकडे लिहिलेलं एक, वाचायचं दुसरं. १६:२ मध्ये सेफेरमध्ये योद (‘ई’ दाखवणारं अक्षर) दिसतो, तरी वाचायचं ‘वय्यिल्लोनू’. १६:७ मध्ये वाव दिसतो, तरी वाचायचं ‘तल्लीनू’. पहिला लक्षात ठेवला की दुसऱ्यालाही तोच नियम लावण्याचा मोह होतो, पण तिथे गाडी नेमकी उलट्या दिशेने जाते. पहिला पाचव्या आलियेत लवकर येतो, दुसरा त्यानंतर पाच पासुकांनी, म्हणजे गोंधळ व्हायला पुरेसा जवळ.

पुढे १६:१३ मध्ये लावा पक्षी येतात, ‘हस्सेलाव’. त्याच्या शेवटच्या वावचा ‘ओ’ किंवा ‘ऊ’ करायचा नाही. आणि अगदी अखेरीस १७:१६ मध्ये ‘की याद अल केस याह’. सिंहासनासाठी नेहमीचा शब्द ‘किस्से’, म्हणून जीभ तिकडेच वळते. इथे तो तोकडा आहे, आलेफ नाही, ‘केस’ एवढंच.

दुसऱ्या जातीची चूक डोळ्याची. १४:२२ मध्ये इस्राएल ‘बेथोख हय्याम बय्याबाशा’ जातात, समुद्रामधून कोरड्या जमिनीवर. १४:२९ मध्ये क्रम फिरतो, ‘बय्याबाशा बेथोख हय्याम’, आणि १५:१९ मध्येही तसाच. तिन्ही ठिकाणं चौथ्या आलियेच्या आसपास, एकमेकांपासून थोड्या अंतरावर. ज्याने चालीवर पाठ केलंय तो २९ व्या पासुकात २२ व्याचा क्रम घेतो. मान्नाच्या भागात हेच मोठ्या प्रमाणावर घडतं: सकाळ, संध्याकाळ, ओमेर (एक माप), सहावा दिवस, सातवा दिवस, हेच शब्द पुन्हा पुन्हा आणि दर वेळी थोडे वेगळे. १६:२२ ते ३० मध्ये नजर एका ओळीतल्या ‘हश्शब्बाथ’वरून पुढच्या ओळीतल्या ‘शब्बाथ’वर उडी मारते आणि मधला अर्धा पासूक जातो. यावर उपाय नीरस आहे पण लागू पडतो. त्या नऊ पासुकांची मराठीत एका ओळीची क्रमवार टिपणी करायची: दुप्पट वेचलं, नासी (पुढारी) सांगायला आले, मोशेने उत्तर दिलं, ठेवलेलं नासलं नाही, आज खा आज मिळणार नाही, सहा दिवस वेचा, काही जण तरी गेले, कुठवर नाकारणार, आपापल्या जागी राहा. हकिकत डोक्यात असली की नजर घसरली तरी मन थांबवतं.

एवढं झाल्यावर गीत. सेफेरमध्ये ते लांबूनच ओळखू येतं. मजकूर सरळ भरलेला नसतो, विटांच्या बांधकामासारखा रचलेला असतो: एका ओळीत दोन तुकडे आणि मधे मोकळी जागा, पुढच्या ओळीत तीन तुकडे, पुन्हा दोन. अशा ३० ओळी, १५:१ ते १९. वर-खाली एकेक कोरी ओळ. गीताच्या आधी साध्या मजकुराच्या ५ ओळी आणि नंतर ५, आणि या दहाही ओळी कोणत्या शब्दांनी सुरू व्हाव्यात तेही ठरलेलं: आधीच्या ‘हब्बाईम’पासून, नंतरच्या ‘वत्तिक्काह’पासून. बेरीज ४२, म्हणजे सध्याच्या नेहमीच्या सेफेरचा बरोबर एक स्तंभ. अशा सेफेरमध्ये जवळपास प्रत्येक स्तंभ वाव अक्षराने सुरू होतो. जे मोजके अपवाद आहेत त्यांत हा ‘हब्बाईम’चा स्तंभ आहे, कारण लिहिणाऱ्याला वावपेक्षा गीताची जागा सांभाळायची असते.

मांडणीचा वाचणाऱ्याला त्रास असा की मोकळी जागा पाहून थांबावंसं वाटतं. तिथे थांबायचं नसतं. विटा आणि तेआमीम यांचं आपसात काही देणंघेणं नाही, एक तुकडा कित्येकदा वाक्याच्या मध्येच तुटतो. म्हणून गीत पाठ असलं तरी तिक्कूनच्या उजाड रकान्यावरून ते निदान पाच-सात वेळा म्हणावं. नजरेला तुटक ओळींवरून न थांबता सरकायची सवय व्हायला हवी.

गीतातली ठळक जागा १५:११. ‘मी खामोखा बाएलीम’ आणि लगेच ‘मी कामोखा नेदार बक्कोदेश’. पहिल्यात काफ मऊ, दुसऱ्यात कडक. सेफेरमध्ये दोन्ही शब्द अक्षराअक्षराने सारखे. नियमाने दुसराही मऊच व्हायला हवा होता, पण या गीतात नियम मोडणारे कडक उच्चार आहेत, १५:१६ मधला ‘यिद्देमू काआवेन’ हा त्यांतलाच. रोजच्या प्रार्थनेत घाईने म्हणताना बऱ्याच लोकांचा दोन्हीकडे ‘खा’ होतो, आणि तीच सवय इथे आडवी येते. अठराव्या पासुकानंतर चाल उतरते, वाचणारा सुटकेचा श्वास टाकतो आणि १५:२१ मध्ये मिर्यामचं तोंड उघडलं की सवयीने ‘आशीरा’ म्हणतो. मोशे म्हणतो ‘आशीरा’, मी गाईन. मिर्याम बायकांना सांगते ‘शीरू’, गा. पुढचे शब्द अगदी सारखे असल्याने ही चूक फार होते.

चाल ज्याच्या त्याच्या सिनेगॉगची. बेने इस्राएल, बगदादी, कोचिनी यांची एकमेकांशी तंतोतंत जुळत नाही आणि इस्राएलमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांच्या कानावर तिथली तिसरीच असते. जिथे वाचायचं तिथल्या हज्जानकडून (प्रार्थना चालवणाऱ्याकडून) एकदा ऐकून घ्यावं, विशेषतः कुठल्या पासुकांना खास चाल लावतात आणि कुठले साधे ठेवतात ते. काही ठिकाणी मंडळी ‘मी खामोखा’ किंवा ‘अदोनाय यिमलोख’ आधी मोठ्याने म्हणते. त्यांनी म्हटलं तरी ते शब्द वाचणाऱ्याने सेफेरमधून स्वतः वाचायलाच हवेत, त्यांचं म्हणणं वाचनात धरलं जात नाही.

पट्टीचा हिशेब सुरुवातीलाच करायचा. पहिला पासूक ज्या उंचीवर लावाल तिथून चौथ्या आलियेत आवाज चढवायला जागा उरली पाहिजे. उत्साहात वर सुरू केलेलं वाचन गीतात चिरकतं आणि मग मान्नासाठी आवाजच उरत नाही. मी गीताचा सर्वांत उंच सूर आधी धरतो आणि त्यावरून मागे मोजत सुरुवातीचा ठरवतो. पंधराव्या अध्यायानंतर मुद्दाम खाली यावं. सहावी आलिया गोष्ट सांगितल्यासारखी, मध्यम आवाजात, थोडी सावकाश.

गुरुवारी सकाळी सेफेर निघतोच, बेशालाखच्या सुरुवातीचे निदान दहा पासूक तीन जणांत वाचले जातात. ते वाचन मागून घ्यावं, त्या सेफेरच्या अक्षराची ओळख होते. जुन्या सेफेरमध्ये ओळी ४२ असतीलच असं नाही, आणि मग तिक्कूनवरची ‘हा शब्द डावीकडे वरती’ ही नजरेची आठवण निकामी ठरते. ओळ भरून काढायला लिहिणारा दालेथ, हे, लामेद, रेश, ताव अशी अक्षरं लांब ताणतो. ताणलेला दालेथ आणि ताणलेला रेश यांतला फरक फक्त उजव्या कोपऱ्यात राहतो. पेटीतला सेफेर उभा असतो, चर्मपट दोन्ही बाजूंना आत वळतो आणि कडेची अक्षरं तिरपी दिसतात. डोळ्यांना चष्मा असेल तर तो या अंतरासाठी योग्य आहे का, हेही गुरुवारीच कळलेलं बरं. पुस्तक हातात धरतो त्यापेक्षा हे अंतर जास्त असतं.

शुक्रवारी दुपारी सेफेर लावून ठेवायचा. मंडळीला ताटकळत ठेवून गुंडाळत बसणं बरं दिसत नाही, आणि घाईत गुंडाळला की चर्मपटाला सुरकुती पडते. गीताचा स्तंभ शोधायचा, तो लगेच दिसतो, आणि तिथून थोडं मागे येत ‘वायेही बेशल्लाह पारओ’ हे पाराशाचे पहिले शब्द गाठायचे. अक्षरांना उघडं बोट लावायचं नाही. वाचताना अक्षर दाखवायचा चांदीचा हातसुद्धा शाईवर टेकवायचा नाही, अक्षराच्या खाली अधांतरी फिरवायचा. घासल्याने शाईचा पापुद्रा उडतो, अक्षर तुटतं, आणि एका तुटलेल्या अक्षराने सगळा सेफेर वाचनासाठी बाद होतो. लावतानाच सातही आलियांवरून नजर फिरवावी, शाई उडाल्यासारखी वाटली तर समाशला (सिनेगॉगच्या सेवकाला) तेव्हाच सांगावं. शब्बाथला दुरुस्ती करता येत नाही. वाचनात असं काही सापडलं तर दुसरा सेफेर काढावा लागतो. अक्षर तुटलंय की नाही याचीच शंका असेल तर एखाद्या लहान मुलाला बोलावून हे कोणतं अक्षर, असं विचारतात. मूल अक्षर ओळखणारं हवं, पण संदर्भावरून शब्द लावणारं नको.

शब्बाथला निदान दहाजण जमले तरच सेफेर वाचायला निघतो. कोकणातल्या जुन्या सिनेगॉगांत आज हीच मोठी अडचण आहे. संख्या भरली नाही तर पाराशा छापील हुम्माशमधून वाचतात, बेराखा म्हणत नाहीत. जमले तर आपल्या सेफारदी रीतीप्रमाणे वाचनाआधी सेफेर उंच धरून सर्वांना दाखवतात, मग तेब्यावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) बोलावणी सुरू होतात: कोहेन (याजक घराण्यातला), लेवी (लेवी वंशातला), मग बाकीचे पाच. कोहेन हजर नसेल तर त्याच्या जागी दुसऱ्याला बोलावतात. आलेल्याला वाचनाची जागा दाखवायची. तो सिसिथचा (प्रार्थनेच्या शालीच्या गोंड्याचा) धागा तिथे टेकवून चुंबतो आणि बेराखा म्हणतो. त्याने आपल्याबरोबर हलक्या आवाजात वाचावं, वरचढ होऊन नाही. सातांहून जास्त जणांना बोलावायचं झालं तर लांब आलिया फोडतात, पण प्रत्येकाला निदान तीन पासूक मिळायला हवेत, परिच्छेदाच्या टोकापाशी तीनपेक्षा कमी पासूक शिल्लक ठेवून थांबायचं नाही, आणि गीत मधोमध तोडायचं नाही. म्हणजे फोडायला सर्वांत सोयीची सहावी आलिया. हे गब्बाईशी आधीच ठरवावं, ऐनवेळी तेब्यावर खुणाखुणी नको.

बाजूला हुम्माश धरून उभ्या असलेल्या गब्बाईने काय अडवायचं तेही ठरलेलं असावं. अर्थ बदलणारी चूक असेल तर तिथेच थांबवून दुरुस्त करायची. चाल चुकली, अर्थ शाबूत राहिला, तर सोडून द्यायचं. देवाचं नाव उच्चारून झालं असेल तर बहुतेक ठिकाणी पासूक पुरा करून मग मागे येतात. अडवणारा आवाज एकच असावा. बाकांवरून पाचजण एकदम ओरडले की बरोबर शब्द कोणता ते कुणालाच कळत नाही, आणि ‘वय्यिल्लोनू’सारख्या ठिकाणी तर वाचणारा घाबरून बरोबर वाचलेलंही बदलतो. अडवलं गेल्यावर मान वर करायची नाही. हात त्याच शब्दावर ठेवून दुरुस्त शब्द म्हणायचा आणि पुढे जायचं.

सातवी आलिया नीट बसवली तर तिचा पुन्हा उपयोग होतो. १७:८ ते १६ हा अमालेकचा भाग पुरीम सणाच्या सकाळीही वाचतात. तो ९ पासुकांचाच आहे आणि वाचन निदान १० चं हवं, म्हणून सेफारदी रीतीत शेवटचा पासूक दोनदा म्हणतात. शबातमध्ये शिकलेलं आदार महिन्यात लागतंच, तेव्हा कागद फाडू नये.

हफ्तारा, म्हणजे तोरानंतरचं संदेष्ट्यांच्या पुस्तकांतलं वाचन, दबोराचं गीत. सेफारदी शास्ते ५:१ ते ३१ वाचतात, अश्केनाझी ४:४ पासून सुरू करतात आणि त्यांचे ५२ पासूक होतात. छापील पुस्तकातून वाचायचं असल्याने स्वर समोर असतात, पण भाषा तोराच्या गीताहून अवघड आणि हफ्ताऱ्याची चाल वेगळी. दोन्ही एकाच माणसाने घेऊ नये असं माझं मत आहे. पंचवीस मिनिटं एका चालीत राहिल्यावर दुसरी पकडताना पहिले चार-पाच पासूक दोन्हींच्या मधे लोंबकळतात.

सेफेर हेखालमध्ये (त्याच्या कपाटात) परत जाण्याआधी तो पुढे सरकवायचा. त्याच दुपारच्या मिन्हाला (प्रार्थनेला) यित्रोची, पुढच्या पाराशाची, सुरुवात वाचायची असते, आणि ती ‘केस याह’च्या शेजारीच आहे, त्यामुळे गुंडाळायचं काम जवळपास नाहीच. मिन्हाचं वाचन मात्र दुसऱ्या कुणाकडे द्यावं.